चित्रपटाविषयी विश्लेषणात्मक लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसग्रहणाच्या वर्गाला येणारी मुलं, शाळा-महाविद्यालयातले शिक्षक, दिवाळी अंकासाठी पहिल्यांदाच लेख लिहायला बसलेले वाचक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम थोड्याच चित्रपटांची घेतली आहेत. एकच चित्रपट वेगवेगळ्या बाजूंनी पाहता येतो हे त्यातून दिसावं. काही उत्तरांत चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत.

१. परीक्षण, रसग्रहण आणि विश्लेषण यांत फरक काय?

परीक्षण वाचणाऱ्याने बहुधा चित्रपट पाहिलेला नसतो. तिकीट काढावं की नाही, हे त्याला ठरवायचं असतं. रसग्रहणात तुम्ही स्वतःला मिळालेला आनंद दुसऱ्यापर्यंत पोचवता. विश्लेषणाचा प्रश्न वेगळा आहे: जे मला जाणवलं, ते पडद्यावरच्या नेमक्या कशामुळे जाणवलं? वाचकाने चित्रपट पाहिला आहे असं धरून चालता येतं, त्यामुळे कथा सांगण्याचं ओझं उतरतं आणि कारणं शोधायला जागा मिळते. चांगल्या लेखात या तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या मिसळतात. फक्त आपण कुठला प्रश्न हाती घेतला आहे, ते लिहिणाऱ्याला माहीत हवं.

२. मी चित्रपटाचं शिक्षण घेतलेलं नाही, कॅमेरा कधी हातात धरला नाही. तरी लिहू शकते का?

हो. पाहण्याची आणि ऐकण्याची सवय कॅमेऱ्याशिवायही लावता येते. शिकायची इच्छा असेल तर आपण नशीबवान आहोत, कारण पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 साली चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. रसग्रहणाचे अभ्यासक्रम तिथूनच देशभर रुजले. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून चित्रपट दाखवत आलं आहे. गोव्यात 2004 पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. यातलं काहीच जवळ नसेल, तर घरच्या टीव्हीवर एकच दृश्य दहा वेळा पाहा. सुरुवातीला त्यानेही पुष्कळ शिकायला मिळतं.

३. लिहिण्याआधी चित्रपट किती वेळा पाहायचा? टिपणं कधी काढायची?

पहिल्यांदा वही बाजूला ठेवून पाहा. हसू येईल तिथे हसा, रडू आलं तर रडा. संपल्यावर लगेच, कुणाशी बोलण्याआधी, आठवतं ते लिहून काढा. कुठे अंगावर काटा आला, कुठे चुळबुळ झाली, कुठली प्रतिमा डोळ्यांसमोरून हलत नाही, एवढं पुरे. या पहिल्या टिपणाला पुढे खूप किंमत येते, कारण दुसऱ्यांदा पाहताना ती पहिली भावना परत मिळत नाही.

दुसऱ्यांदा पाहताना त्याच जागी थांबा. पुढे-मागे करा. वेळेचा आकडा लिहा, म्हणजे नंतर ते दृश्य शोधत बसावं लागणार नाही.

आठवणीवर विसंबून कधीच लिहू नका. एका लेखात मी अगदी खात्रीने लिहिलं होतं की अमुक दृश्यात पार्श्वसंगीत हळूहळू चढत जातं. छापून आल्यावर पुन्हा पाहिलं, तर तिथे संगीत नव्हतंच. होता पंख्याचा आवाज आणि भांड्यांचा. ते संगीत माझ्या मनात वाजलं होतं. पंख्याच्या आवाजाने इतका ताण कसा निर्माण केला, हा खरा लेखाचा विषय होता आणि तो माझ्या हातून निसटला. त्याची हळहळ अजून आहे.

४. पूर्ण चित्रपटावर लिहायचं की एखाद्या दृश्यावर?

शिकताना एका दृश्यावर. दोन-तीन मिनिटांचं दृश्य घ्या आणि त्यातला प्रत्येक शॉट ओळीने लिहून काढा: चौकटीत काय आहे, कॅमेरा कुठे आहे आणि हलतो का, काय ऐकू येतं, शॉट किती सेकंद टिकतो. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण साधारण पंधराव्या ओळीच्या आसपास काहीतरी दिसायला लागतं. एक माणूस कायम चौकटीच्या कडेला असतो, एखादं पात्र बोलत असताना आपल्याला दुसऱ्याचाच चेहरा दाखवला जातो, असं काहीतरी. लेखाचं बीज तिथे असतं.

पूर्ण चित्रपटावर लिहायचं असेल तरी लेख दोन किंवा तीन दृश्यांवर उभा करा. सगळ्याबद्दल थोडंथोडं लिहिलं की कशाबद्दलच काही हाती लागत नाही.

५. "वर्णन नको, विश्लेषण हवं" असं शिक्षक म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

मला वाटतं वर्णनाला उगाच कमी लेखलं जातं. विश्लेषण फसतं ते बहुतेक वेळा वर्णन ढिसाळ असल्यामुळे. एक उदाहरण पाहू. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मधलं डुक्कर पकडण्याचं दृश्य घ्या. जब्या या शाळकरी मुलाच्या कुटुंबाला त्यात गावातलं डुक्कर पकडावं लागतं. विद्यार्थी साधारण असं लिहितात:

"या दृश्यातून दिग्दर्शकाने जातिव्यवस्थेवर प्रखर भाष्य केले आहे. राष्ट्रगीताचा वापर अत्यंत प्रभावी असून प्रेक्षक अंतर्मुख होतो."

यात चूक काही नाही, पण चित्रपट न पाहताही हे लिहिता आलं असतं. आता हे पाहा:

"जब्याचं कुटुंब डुकरामागे धावत असताना शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर तेवढं उभं राहत नाही, ते निघून जातं. इतका वेळ पळापळीत असलेली माणसं अचानक गोठतात. ज्या गीताचा मान राखायला ती उभी आहेत, त्यात त्यांना देशाचे नागरिक म्हणून जागा आहे. ज्या कामातून ती क्षणभर थांबली आहेत, ते मात्र त्यांच्या वाट्याला जातीने आलं आहे. गीत संपलं की पाठलाग पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्या उताऱ्यात 'भाष्य', 'प्रभावी', 'अंतर्मुख' यांपैकी एकही शब्द नाही. तरी तो उतारा तेच म्हणतो आणि वाचकाला ते तपासताही येतं. स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच: हे असंच का, वेगळं का नाही? राष्ट्रगीत लागलं नसतं तर? डुक्करही थांबलं असतं तर? एक गोष्ट मनातल्या मनात बदलून पाहिली की मूळ निवडीचा अर्थ उघडतो.

६. कथा किती सांगायची? शेवट सांगितला तर चालेल का?

मुद्दा समजायला लागेल तेवढीच सांगा. बहुतेक लेखांना चार-पाच वाक्यं पुरतात. लेखाचा अर्धा भाग कथेतच गेला, तर तुमच्याजवळ अजून मुद्दा सापडलेला नाही असं समजा आणि प्रश्न ४ मधला शॉट लिहिण्याचा सराव करा.

शेवटाबद्दल: परीक्षणात सांगू नका, विश्लेषणात लागेल तिथे जरूर सांगा. 'फँड्री'त जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा होतो. तोवर आपण कुठे बसून हे सगळं पाहत होतो, हा प्रश्न तो दगड विचारतो. हे टाळून त्या चित्रपटावर गंभीरपणे लिहिणं अवघड आहे. लेखाच्या वरच एक ओळ टाकून वाचकाला सावध करा म्हणजे झालं.

७. मराठीत लिहिताना तांत्रिक शब्द कुठले वापरायचे?

जे रुळले आहेत ते. शॉट, क्लोजअप, कॅमेरा, फ्रेम किंवा चौकट, संकलन, छायाचित्रण, पार्श्वसंगीत, पटकथा. 'समीपदृश्य' लिहून वाचकाला अडखळवण्यात अर्थ नाही. पण शब्द वापरला म्हणजे काम झालं असंही नाही. "इथे लाँग शॉट आहे" ही नुसती नोंद झाली. "माणूस इतका लांब ठेवला आहे की त्याचा चेहरा वाचता येत नाही, फक्त चालणं दिसतं" असं लिहिलं की वाचकाला दिसायला लागतं. मग 'लाँग शॉट' हा शब्द नसला तरी चालतो.

८. अभिनयाबद्दल 'सहजसुंदर'च्या पुढे काय लिहायचं?

हा मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, आणि अडचण खरी आहे. आपल्या परीक्षणांत 'सहजसुंदर अभिनय', 'भूमिकेला न्याय दिला', 'नेत्रसुखद छायाचित्रण' हे शब्द इतके घासले गेले आहेत की त्यांतून काहीच दिसत नाही.

अभिनय म्हणजे शरीर आणि आवाज. तिथूनच सुरुवात करा. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील झाल्या आहेत. न्यायालयात त्या 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्यातला लांबलचक मजकूर वाचून दाखवतात. सपाट, भरभर, पाठ केल्यासारखं. त्या आवाजात ना राग आहे, ना विजयाची खुमखुमी. एका माणसाचं आयुष्य पणाला लागलंय आणि बोलणारीला ते दिवसाचं काम आहे. तीच बाई पुढे लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबाबरोबर नाटकाला जाते. खलनायिका रंगवायची सगळी संधी असून अभिनेत्रीने ती नाकारली, आणि म्हणून चित्रपट जास्त अस्वस्थ करतो. कारण तिला आपण ओळखतो. आपल्या शेजारी, आपल्या नात्यात ती आहे.

असं लिहिण्यासाठी टिपायच्या गोष्टी साध्या आहेत: बोलण्याचा वेग, नजर कुठे जाते, हात काय करतात, समोरचा बोलत असताना हे पात्र काय करतं. यातली शेवटची गोष्ट बहुतेक जण पाहतच नाहीत.

९. संगीत आणि आवाज यांवर लिहायला संगीत यावं लागतं का?

राग ओळखता आला तर उत्तम, नाही आला तरी अडत नाही. डोळे मिटून दृश्य ऐका. मग आवाज बंद करून पाहा. दोन्हीत काय हरवतं ते लिहा.

सत्यजित राय यांच्या 'पाथेर पांचाली'त (1955) हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो पुढे करतो आणि इतका वेळ आवरून धरलेली त्याची बायको सर्वजया कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण रडणं ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा उंच, चिरत जाणारा सूर येतो. आईचा हंबरडा प्रत्यक्ष ऐकवला असता तर आपण एका बाईचं दुःख पाहत बसलो असतो. सूर आल्यावर ते दुःख तिच्या एकटीचं राहत नाही.

शांतताही आवाजासारखीच लिहा. 'सैराट'च्या शेवटी सगळे आवाज काढून घेतले आहेत. ज्या चित्रपटाच्या गाण्यांवर थिएटरं नाचली, त्याच्या शेवटी प्रेक्षकाला श्वासाचा आवाजही आधाराला ठेवलेला नाही. त्या शांततेचं वजन आधीच्या संगीतामुळे पडतं. म्हणून लेखात दोन्ही शेजारी ठेवावे लागतात.

१०. संकलन तर दिसतच नाही. त्यावर काय लिहिणार?

दोन शॉटच्या मधल्या जागेवर लिहायचं. रशियात लेव्ह कुलेशॉव्ह यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या बशीशेजारी ठेवला तर भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी ठेवला तर शोकाकुल. अर्थ चेहऱ्यात नसतो, जोडणीत असतो.

उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कधी कापत नाहीत, तेही पाहा. 'कोर्ट'मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर आहे. सुट्टी लागते, न्यायालय रिकामं होतं, दिवे एकेक करून बंद होतात, तरी शॉट संपत नाही. आपल्याला वाटतं, झालं, इथे संपलं. आणि मग चित्रपट न्यायाधीशांच्या सहलीला जातो.

११. "दिग्दर्शकाला असं म्हणायचं आहे" असं लिहू का?

शक्यतो नको. दिग्दर्शकाच्या मनात काय होतं ते आपल्याला दिसत नाही, पडदा दिसतो. "चित्रपट इथे अमुक शेजारी तमुक ठेवतो" असं लिहा. दिग्दर्शकाने मुलाखतीत काही सांगितलं असेल तर ते जरूर द्या, मात्र ते अंतिम उत्तर म्हणून देऊ नका. दहा जणांनी मिळून केलेल्या कामात दिग्दर्शकाला न सुचलेल्या गोष्टीही येतात. कधी त्याच सर्वांत मोलाच्या असतात.

१२. प्रतीक शोधताना आपण जास्तच अर्थ लावतोय का, हे कसं ओळखायचं?

तीन गोष्टी तपासते. ती वस्तू पुन्हा पुन्हा येते का? चित्रपट तिच्याकडे आपलं लक्ष मुद्दाम वळवतो का? आणि तिच्या जागी दुसरी वस्तू ठेवली तर काही बिघडतं का? 'फँड्री'तली काळी चिमणी तिन्हींत उतरते. जब्या तिच्यामागे चित्रपटभर फिरतो, ती सापडली तर वर्गातली, त्याला आवडणारी शालू आपली होईल असं त्याला वाटतं, आणि चिमणी ऐवजी कबुतर ठेवून चालणार नाही. कारण जिला पकडायचं ती हाताला लागत नाही, आणि ज्याला शिवायचंही नाही ते डुक्कर मात्र त्यालाच धरावं लागतं. चित्रपटाचं नाव कैकाडी बोलीतलं, अर्थ डुक्कर. चिमणी आणि डुक्कर यांच्यामध्ये मुलाचं आयुष्य ताणलेलं आहे.

याउलट कुठल्यातरी घरात मागे निळा पडदा आहे म्हणून 'निळा रंग एकाकीपणाचा' असं लिहू नका. एकदाच दिसलेला पडदा बहुधा पडदाच असतो.

१३. सामाजिक आशयावर लिहिलं म्हणजे विश्लेषण झालं ना?

अर्धं झालं. जात, लिंगभाव, शहर-खेडं यांवर लिहिलंच पाहिजे. मराठी चित्रपटावर ते टाळून लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. पण विषय मोठा आहे म्हणून चित्रपट मोठा होत नाही, आणि विषयावरचं आपलं मत म्हणजे चित्रपटाचं विश्लेषण नव्हे. 'फँड्री'त काठीला उलटं टांगलेलं डुक्कर घेऊन कुटुंब शाळेच्या भिंतीवरून पुढे जातं, तेव्हा त्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई आहेत. पात्रं त्या चित्रांकडे पाहत नाहीत. पाहतो आपण. एक शब्द न बोलता आश्वासन आणि वास्तव एका चौकटीत आलं. आशय शोधायचा तो असा, चौकटीत. पुढे कायदा, इतिहास, आकडेवारी हवी तेवढी जोडा.

१४. जुने चित्रपट संथ आणि नाटकी वाटतात. त्यांवर प्रामाणिकपणे कसं लिहायचं?

संथ वाटला तर तसं लिहा, पण लगेच विचारा की तो कशाच्या तुलनेत संथ आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (1936, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल) तुकारामांचा हेवा करणाऱ्या सालोमालोचं गाणं दिखाऊ आहे, त्यात नाटकी हावभाव आहेत. विष्णुपंत पागनीस यांचे तुकाराम मात्र गातात ते स्वतःशी बोलल्यासारखं. म्हणजे 'नाटकी' काय आणि 'खरं' काय, हा भेद तो चित्रपट स्वतःच करतो आहे. आपल्या आधी त्याने तो ओळखला होता. आणि जिजाईकडे पाहा. नवरा विमानातून वैकुंठाला जातो, ती मागे राहते. चुलीपाशी असलेल्या त्या बाईच्या भांडणात जेवढा जीव आहे, तेवढा कुठल्याच चमत्कारात नाही. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, तो अभंग न कळणाऱ्या लोकांकडून.

१५. चित्रपटाची भाषा कळत नसेल, तर सबटायटल्सवरून लिहिणं योग्य आहे का?

योग्य आहे, पण संवादाच्या शब्दांवर भर देऊ नका. तुम्ही वाचता तो सारांश असतो. चेहरा, हालचाल, आवाजाचा पोत यांवर लिहा आणि प्रत्येक दृश्य एकदा सबटायटल्स झाकून पाहा. वाचताना डोळे पडद्याच्या खालच्या पट्टीत अडकतात. 'कोर्ट'सारख्या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी एकमेकांत येतात. कोण कुठल्या भाषेत बोलतं आणि कुणाला कुठली कळत नाही, यातच सत्तेचा हिशेब आहे. परदेशी वाचकाला तो सबटायटल्समधून नीट दिसत नाही. आपण मराठीत लिहितो तेव्हा ही बाजू मांडायची जबाबदारी आपली.

१६. लेखात चित्रपटातली चौकट किंवा संवाद वापरले तर कायद्याची अडचण येते का?

1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी केलेल्या उचित वापराला मुभा आहे. 'उचित' महत्त्वाचं: मुद्द्याला लागेल तेवढंच घ्या आणि श्रेय द्या. नुसती सजावट म्हणून पोस्टर लावणं यात बसेलच असं नाही. पुस्तक छापत असाल, तर प्रकाशकाकरवी रीतसर परवानगी घेतलेली बरी.

१७. चित्रपट मला अजिबात आवडला नाही. विश्लेषण करू की नको?

करा, पण आधी एक काम करा. तो आवडलेल्या माणसाने काय पाहिलं असेल ते एका परिच्छेदात प्रामाणिकपणे लिहून काढा. ते लिहिता आलं नाही, तर चित्रपट पुन्हा पाहायला हवा. लिहिता आलं, तर तुमची तक्रार आता नेमकी होईल. 'कंटाळा आला' याच्या जागी 'कुठल्या मिनिटापासून आला आणि त्याआधी काय घडणं थांबलं होतं' हे लिहा. ओळखीच्या माणसाचा चित्रपट असेल, तर ती ओळख लेखात सांगून टाका.

१८. पुन्हा पाहिल्यावर माझं मत बदललं. आधीचा लेख चुकीचा ठरतो का?

तथ्य चुकलं असेल तर दुरुस्ती छापा (प्रश्न ३ मधली माझी चूक तशी होती). मत बदललं असेल तर दुसरा लेख लिहा आणि पहिला तसाच राहू द्या. 'कोर्ट'च्या शेवटी बाकावर झोपलेल्या न्यायाधीशांना मुलं एकदम ओरडून दचकवतात. ते एका मुलाला थोबाडीत मारतात आणि पुन्हा डुलकी घेऊ लागतात. पहिल्यांदा मला हा शेवट जरा ठोकळेबाज वाटला होता, झोपलेली न्यायव्यवस्था वगैरे. नंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, "ज्याला थोबाडीत बसली तो मुलगा कोण?" मी परत जाऊन ते दृश्य पाहिलं. तोवर मी फक्त न्यायाधीशांकडे पाहत होते, मुलांचं पळून जाणं मी टिपलंच नव्हतं. आता लिहीन तेव्हा मुलांपासून सुरुवात करेन.